आत किती माणसं

दातवाले आले नव्हते, म्हणून कुणालाच चहा नव्हता.

ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या लांबट खोलीत सगळे आपापल्या खुर्चीत बसून ओट्याकडे टक लावून होते. ओट्यावर किटली होती, किटलीत पाणी होतं, आणि काड्यापेटी मुठीत धरून समोर सिस्टर उभ्या होत्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. दवाखाना सोडताना तिथली एकच वस्तू त्या घरी घेऊन आल्या होत्या, ती म्हणजे आवाज.

"दातवाले कुणाला सांगून गेलेत का?"

"झोपले असतील हो," मागून कुणीतरी कुरकुरलं.

"नुसते झोपलेत की कायमचे, ते बघून या. मग पेटवते."

हा नियम सिस्टरचाच होता, आणि त्याला कारण होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसायचे. एकदा ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मंडळींनी चहा घेतला, पत्ते कुटले आणि ते गावाला गेले असतील असं एकमताने ठरवून टाकलं. ते कुठेही गेले नव्हते. स्वतःच्याच स्वयंपाकघरात पडले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिला दिवसभर तरी जिवंत असावेत. म्हणजे इकडे साखर कमी पडली म्हणून वाद चालला होता, तेव्हा ते जिवंत होते.

तेव्हापासून एक जरी खुर्ची रिकामी दिसली आणि तिचा जाब मिळाला नाही, तर गॅस पेटत नसे. नुसत्या माणुसकीवर सोडलं असतं तर लोक संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले असते. चहा अडला की मात्र ताबडतोब उठायचे.

लिफ्टमन उठले.

लिफ्टमन एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचे. जाळीचं दार, पितळी मूठ, आणि कोपऱ्यात त्यांचं स्टूल. लिफ्टमध्ये आठ माणसं मावायची. नववा आत शिरला की ते समोर बघतच म्हणायचे, "जागा नाही. पुढच्या खेपेला." या एका वाक्यावर त्यांनी नोकरी केली, लग्न केलं, मुलगा शिकवला. एकदा तर कचेरीच्या सर्वांत मोठ्या साहेबांना त्यांनी बाहेर काढलं होतं. साहेब जिन्याने गेले. ही गोष्ट केंद्रात सगळ्यांना पाठ होती, तरी दर खेपेला साहेब एक मजला जास्त चढायचे.

दातवाल्यांचं घर मागच्या गल्लीत होतं. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर एका वाटीत दात. माणूस नाही.

लिफ्टमननी हाक मारली. मग न्हाणीघरातून आवाज आला.

"कोन हाय?"

"मी आहे. दार उघड."

"उघडत अशतं तर शकाळपाशून इथं कशाला बशलो अशतो? कडी अडकलीये!"

"मग ओरडायचं नाही का, लेका?"

"ओरडलो की! दात बाहेर ऱ्हायलेत. शेजारची म्हनाली, पाइप तुंबलाय वाटतं!"

लिफ्टमननी खांदा लावला. दार हललं नाही.

"चहा झाला का?" आतून प्रश्न आला.

"तुझ्यापायी अडलाय."

"मग फोड की भडव्या दार!"

दातवाल्यांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. केंद्रातली निम्मी माणसं त्यांनी बनवलेल्या दातांनी हसायची, आणि त्यांच्यावर हसायचं झालं तरी त्यांचेच दात वापरावे लागायचे. मुलगा परदेशी. तो रविवारी फोन करायचा. तो दिवस सोमवार होता.

दार फोडून दातवाल्यांना घेऊन परत येताना लिफ्टमनना स्वतःचा प्रसंग आठवला. मागे एकदा ते स्वतः तापाने आपल्या खोलीत पडून राहिले होते. तेव्हा सिस्टरनी चहा अडवला आणि हेच दातवाले त्यांच्या घरची बेल वाजवायला आले. सूनबाई म्हणाली, "बाबा ना? बाबा तर केंद्रात गेलेत." दातवाले म्हणाले, "मी केंद्रातूनच आलोय." मग दोघांनी मिळून दार उघडलं. सून वाईट नव्हती. नंतर चार दिवस तिने पेज करून दिली आणि डोळे पुसले. पण मधल्या भिंतीपलीकडे आपण आहोत की नाही, हे दोन गल्ल्या पलीकडच्या किटलीला आधी कळतं, एवढं लिफ्टमनना त्या दिवशी समजलं होतं.

दोघे केंद्राशी पोचले तर दारात शिडी लावलेली. शिडीवर पालिकेचा एक तरुण साहेब. तो चौकटीच्या वर एक काळी डबी बसवत होता. डबीच्या मधोमध लाल ठिपका होता, आणि भिंतीवर एक पाटी, तिच्यावर लाल आकडा.

"हे काय लावताय?" सिस्टर आतून बाहेर आल्या.

"मोजणी यंत्र, आजी. माणूस आत आला की एक वाढतो, बाहेर गेला की एक कमी होतो. आत किती माणसं आहेत ते इथंही दिसतं आणि आमच्या ऑफिसातही."

"आम्हाला दिसतंय की आत किती आहेत ते."

"तुम्हाला दिसतं हो. पण निधी आम्ही देतो ना! वरून विचारणा झालीये, एवढा खर्च करतो, तर माणसं किती येतात? कमी येत असतील तर बंद करा म्हणतात."

"कमी येतात, कारण मरतात. ते धरलंय का तुमच्या यंत्रात?"

साहेबाने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही आजी. मृत्यू वेगळ्या खात्याकडे येतो."

"आणि ह्यांना आत्ता न्हाणीघरातून काढून आणलं, ते कशात धरणार?"

साहेबाने दातवाल्यांकडे पाहिलं. दातवाले चौकटीतून आत आले. ठिपका लुकलुकला.

"धरलं की," साहेब म्हणाला. "एक."

तो गेल्यावर सिस्टरनी गॅस पेटवला. त्या दिवशी चहा कडू झाला. सगळे पाटीकडे बघत होते आणि पाटी सगळ्यांकडे बघत होती.

युक्ती दातवाल्यांना सापडली, आणि तीही विडीमुळे. सिस्टरची नजर चुकवून ते मागच्या दाराने, म्हणजे ओट्याशेजारच्या दाराने, विडी ओढायला जायचे. त्या दिवशी विडी संपवून पुढच्या दाराने आत आले तर पाटीवरचा आकडा वाढला. दातवाले थबकले. पुन्हा मागून बाहेर गेले, पुढून आत आले. आकडा पुन्हा वाढला. मागच्या दाराला डोळाच नव्हता. पालिकेला मागचं दार माहीत नव्हतं.

"ए लिफ्टमन," दातवाले हळूच म्हणाले, "मी आत्ता तीन माणसं आहे."

दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या सुरू झाल्या. पुढून आत, ओट्याला वळसा, मागून बाहेर, बोळातून पुन्हा पुढे. काठीवाले, वॉकरवाल्या, कंबरेत वाकलेले, सगळे. पुढच्या दारात लिफ्टमन उभे राहिले. हात आतल्या दिशेने हलवत म्हणायला लागले, "चला, चला! जागा आहे! या, आत या!" उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडातून पहिल्यांदाच निघत होतं. त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा दिसायला लागला.

पंधरवड्यात मंडळींची तब्येत सुधारली. भूक वाढली. एकीची साखर उतरली. कुणाच्या किती फेऱ्या यावरून भांडणं झाली आणि एकाने दुसऱ्याला फेरी चोर म्हटलं. पालिकेतून साहेबाचा फोन आला, वरचे लोक खूश आहेत, असंच चालू द्या.

फक्त सिस्टर खूश नव्हत्या.

"संध्याकाळी कुलूप लावायला जीव होत नाही माझा," एकदा त्या लिफ्टमनना म्हणाल्या.

"का?"

"तुम्हीच बघा."

खोलीत कुणी नव्हतं. दिवे बंद. खुर्च्या ओळीने, पत्ते डब्यात, किटली उपडी. आणि भिंतीवर तो भलामोठा लाल आकडा, त्याचा उजेड रिकाम्या खुर्च्यांवर पडलेला. सगळे मागच्या दाराने गेले होते. यंत्राच्या लेखी कुणीच गेलं नव्हतं.

"उगाच वाटतं, कुणीतरी राहिलंय आत," सिस्टर म्हणाल्या. "काल मी टेबलाखाली वाकून बघितलं. वेडी झालेय बहुतेक."

लिफ्टमन हसले. पण घरी जाताना त्यांच्या कानात घंटी वाजत होती. लिफ्टमध्ये नववं माणूस शिरलं की वाजायची ती. झोपेत लिफ्ट दिसली. प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं, माणसं आत येत होती, बाहेर कुणीच पडत नव्हतं, आणि ते स्वतः हसऱ्या चेहऱ्याने म्हणत होते, चला, जागा आहे.

त्याच आठवड्यात अग्निशमन दलाची गाडी आली.

केंद्र नुकतंच बंद झालं होतं. लिफ्टमन आणि दातवाले कोपऱ्यावर गप्पा मारत उभे होते. भोंगा वाजवत गाडी वळली आणि केंद्रासमोर थांबली. मागून रुग्णवाहिका. टोप घातलेली माणसं उतरली.

"आत शेकडो म्हातारी माणसं अडकलीत!" एक जण ओरडला. "बाहेरून कुलूप आहे! तोडा!"

"अहो, आत कुणी नाहीये," दातवाले म्हणाले.

"आजोबा, बाजूला व्हा. ऑफिसात आकडा दिसतोय."

कुलूप तुटलं. टॉर्च फिरले. टॉर्चच्या झोतात खुर्च्या आल्या, पत्त्यांचं टेबल आलं, किटली आली. त्यांचा प्रमुख खोलीच्या मधोमध उभा राहून लाल आकड्याकडे बघत राहिला. मग जड अंगाने गुडघ्यावर बसला आणि टेबलाखाली वाकला.

कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. डोळे तारवटलेले. सगळे आपापल्या खुर्चीत होते, त्या दिवशी कुणीही फेरी मारली नाही.

"मला फक्त एक सांगा," तो म्हणाला. "आकडा खोटा आहे का?"

खोटा म्हटलं तर फसवणूक, केंद्र बंद. खरा म्हटलं तर काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माना हळूहळू लिफ्टमनकडे वळल्या. दारात तेच उभे असायचे.

लिफ्टमननी सिस्टरकडे पाहिलं. मूठ बंद, मुठीत काड्यापेटी.

"खरा आहे," ते म्हणाले.

"मग ती माणसं गेली कुठं?"

"जातात," सिस्टर म्हणाल्या. "घड्याळवाले गेले. त्या कोपऱ्यातल्या काकू गेल्या. आल्याची नोंद तुमच्याकडे असेल, गेल्याची नाही."

साहेबाने कपाळ चोळलं. त्यालाही नोकरी होती. यंत्र नवीन होतं आणि ते घ्यायची शिफारस त्याचीच होती. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"तर मग गर्दी फार होतेय असं म्हणू या. ह्या खोलीला एवढी माणसं झेपणार नाहीत, धोका आहे. तुम्हाला मोठ्या सभागृहात हलवतो. सगळी केंद्रं एकत्र. एसी, काचेची दारं, गुळगुळीत फरशी!"

टाळ्या पडल्या. दातवाल्यांनी शिटी वाजवली, त्यांच्या दातांना ती जमायची. लिफ्टमनही टाळ्या वाजवत होते.

"गॅस कुठं असेल?" सिस्टरनी विचारलं.

"गॅस नको आजी, आगीची भीती. तिथं चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की कप भरतो." साहेब मनापासून हसला. "कुणासाठी थांबायलाच नको."

टाळ्या चालूच होत्या.

सिस्टरनी किटली पुसली, पिशवीत घातली आणि घरी नेली.

नवं सभागृह विमानतळासारखं होतं, फक्त कुणी कुठे जाणार नव्हतं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, रोज जी रिकामी असेल तिच्यात बसायचं. गावभरची म्हातारी माणसं तिथे आणून ओतली होती. दारावर तसाच काळा डोळा, आणि एकच दार. कोपऱ्यात मशीन, समोर रांग. मशीन गुरगुरायचं, थुंकल्यासारखा चहा ओतायचं आणि पुढच्याची वाट बघायचं.

पहिले काही दिवस सिस्टर रांगेच्या कडेने फिरल्या. "तुमच्या शेजारी काल होते ते कुठंयत?" लोक म्हणायचे, "कोण होते?" मुठीत काड्यापेटी असायची, पण पेटवायला किंवा न पेटवायला काही नव्हतं. मग त्याही रांगेत उभ्या राहायला लागल्या.

आणि एका सकाळी दातवाले हातात कप घेऊन लिफ्टमनच्या शेजारी येऊन बसले.

"सिस्टर कुठंयत रे?"

"असतील. पुढच्या रांगेत बघ."

"बघितलं. नाहीयेत."

"येतील मग."

दातवाल्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "काल होत्या का?"

लिफ्टमन आठवू लागले. काल. काल चहा घेतला होता. गरम होता. शेजारी कुणीतरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होतं. काल पत्त्यांत जिंकले होते.

"तू पाहिलंस का काल?" त्यांनी उलट विचारलं.

"मला वाटलं तू पाहिलं असशील."

दोघे उठले. सिस्टर एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लिफ्टमनच्या गुडघ्यांना जिन्याची सवय कधी लागलीच नव्हती.

"तू जा," ते म्हणाले. "माझ्याने चढवणार नाही. पळ."

"आणि तू?"

लिफ्टमन रांगेच्या कडेने पुढे गेले, मशीनला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. जाळीचं दार ओढल्यावर उभे राहायचे तसे.

"ओ काका, सरका की," रांगेतला पहिला म्हणाला.

"थांबा."

"मशीन बिघडलंय का?"

"नाही."

"मग काय झालंय?"

"एक माणूस कमी आहे."

पहिल्याने मान वर करून दाराकडच्या आकड्याकडे पाहिलं. "कमी? अहो, बसायला जागा नाही इथं!"

रांग वळवळायला लागली. मागून कुणी शिवी दिली. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. गणवेशातला पोरगेला रखवालदार आला, "आजोबा, असं करू नका, मला वर उत्तर द्यावं लागतं," म्हणाला आणि त्यांचं मनगट धरून ओढायला लागला. मनगट हललं नाही. पितळी मूठ धरून धरून ते मनगट घट्ट झालेलं होतं.

"कोण आहे कमी?" रांगेतून एका बाईने विचारलं. दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रातली असावी, लिफ्टमननी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"सिस्टर. आवाज मोठा आहे त्यांचा. हातात काड्यापेटी असते."

बाई रांगेतून पुढे आली. "मला रोज विचारायच्या," ती म्हणाली, "तुमच्या शेजारचे कुठंयत म्हणून. मी म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय?"

तिने हातातला रिकामा कप मशीनशेजारच्या पट्टीवर उपडा ठेवला आणि बाजूला उभी राहिली. तिच्या मागच्याने तिच्याकडे पाहिलं, लिफ्टमनकडे पाहिलं, पुटपुटला आणि आपला कप तिच्या कपाशेजारी उपडा ठेवला. काही जण तणतणत खुर्च्यांकडे परतले. काही उभे राहिले. पट्टीवर कपांची ओळ वाढत गेली.

लिफ्टमनचे हात भरून आले होते. पाठीमागे मशीन मंद गुरगुरत होतं आणि त्याची ऊब सदऱ्यातून पाठीला लागत होती. डोळे काचेच्या दारावर होते.

बऱ्याच वेळाने रस्त्यापलीकडे दातवाले दिसले. ते पळत नव्हते. रस्ता मोकळा असूनही ते कडेला थांबले, मग सावकाश ओलांडून आले. छातीशी, दोन्ही हातांनी धरलेली सिस्टरची किटली होती, काठोकाठ भरलेली असावी आणि सांडू नये तशी.

लिफ्टमननी हात खाली घेतले नाहीत.

काचेचं दार आपोआप सरकलं. वरचा डोळा लुकलुकला आणि पाटीवरचा आकडा एकाने वाढला.